पंधरा नंबरचं कुलूप

कारखान्यात माझं नाव होतं घाईगडबड आणि माझ्या दाजीचं सावकाश. नावं ठेवण्यात आमच्या खात्यातल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. आम्ही दोघं दुरुस्ती खात्यात फिटर. एकाच दिवशी कामाला लागलो आणि अठरा वर्षं एकाच जोडीत काम केलं. तिसऱ्या वर्षी मीच त्याचं नाव माझ्या धाकट्या बहिणीसाठी घरी सुचवलं. मुलगा कसा आहे, असं घरच्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, माणूस सोन्यासारखा, फक्त हो म्हणायला महिना लावील. त्याने पाच आठवडे लावले. पुढे तो माझा दाजी झाला, पण आमचं अरे-तुरे काही सुटलं नाही.

आमच्या कामात एक नियम असतो. यंत्राच्या पोटात शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. कुलूप लटकत असेपर्यंत स्विच वर होत नाही, मग मालक येऊन उभा राहिला तरी यंत्र चालू होत नाही. पूर्वी जोडीला मिळून एकच कुलूप असायचं आणि ते माझ्या पट्ट्याला अडकवलेलं असायचं. काम संपलं की मी पुढच्या दाराने आधी बाहेर, कुलूप काढून स्विच वर. दाजी आत हत्यारं मोजत बसलेला. दहाचा पाना, बाराचा पाना, पकड, हातोडी, सगळं मोजून पिशवीत भरल्याशिवाय तो यंत्रातून निघायचा नाही. तसा वेळही असायचा. आमच्या जुन्या प्रेसचं चाक स्विच दिल्यावर वेग घ्यायला चांगली तीन मिनिटं खायचं. तेवढ्यात सावकाश महाराज मागच्या दाराने फडक्याला हात पुसत बाहेर. अठरा वर्षांत मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. आता सांगताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा त्याला आम्ही विश्वास म्हणायचो.

मग रोबो आला. माणसाच्या दुप्पट उंचीचा एकच हात. चाळीस किलोचा लोखंडी ठोकळा सरकत्या पट्ट्यावरून उचलायचा आणि गर्रकन वळून यंत्रावर ठेवायचा. दिवसभर. त्याच्या भोवती जाळी, डोक्यावर पंखे, आणि जरा खुट्ट झालं की चार साहेब धावत यायचे. आम्ही त्याला जावई म्हणायला लागलो. दाजी म्हणायचा, "बघ, नवा जावई आल्यावर जुन्याला कुणी विचारत नाही." त्या हाताने आमची अकरा माणसं घरी बसवली होती, त्यामुळे हसताना जरा दात आवळूनच हसायचो.

जावयाबरोबर नवे नियम आले. प्रत्येकाला स्वतःचं लाल कुलूप, त्यावर नंबर आणि फोटो. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपापलं कुलूप स्विचला लावायचं आणि बाहेर आल्यावर आपलं आपणच काढायचं. दोघं आत असतील तर दोन कुलपं. एक जरी लटकत असलं तरी स्विच वर होणार नाही. माझा नंबर चौदा, दाजीचा पंधरा. त्याच्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले आले होते. शिकवायला आलेला साहेब घसा फोडून सांगत होता आणि आम्ही मागच्या बाकावर बसून तो फोटो बघून हसत होतो.

त्याच महिन्यात भाचीची सायकल शाळेच्या दारातून चोरीला गेली. नवी आणली तेव्हा बहीण म्हणाली, "तुमच्याकडे एवढी कुलपं लोंबत असतात, एक हिच्यासाठी आणा की." दाजीने सरळ स्वतःचं आणलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माझं पोरीच्या सायकलला लावलं रे. तुझं असतंच की."

मी म्हणालो, "आपल्याला एक बास आहे."

हे वाक्य माझं आहे. पुढे जे घडलं त्यातलं बरंच काही वेगवेगळ्या लोकांचं असेल, पण हे वाक्य माझं.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला जावयाच्या पंजाचं रबर फाटलं. मी स्विच खाली केला, चौदा नंबर लावला आणि दोघं आत शिरलो. पाव तासात रबर बदललं. बाहेर पाळीचा साहेब घड्याळावर बोट आपटत उभा. लाइन थांबली होती. मी पुढच्या दाराने बाहेर आलो, दार लावलं, कुलूप काढलं, स्विच वर केला आणि हिरवं बटण दाबलं. भोंगा वाजला. दाजी मागच्या दाराने गेला असणार, असं माझ्या मनात आलं असं म्हणायलाही मला लाज वाटते, कारण खरं तर मनात काहीच आलं नव्हतं. हाताला सवय होती, हाताने केलं. मध्ये ते अवाढव्य यंत्र असल्यामुळे पलीकडचं दिसत नव्हतं. मागचं दार आपोआप मिटणारं, त्यामुळे जावयाच्या लेखी सगळी दारं बंद होती. तो जुन्या प्रेससारखा तीन मिनिटं थांबणाऱ्यातला नव्हता. भोंगा थांबला आणि तो वळला.

दाजी आत एक पाना शोधत होता. पिशवीत दहाचा पाना कमी होता. तो माझ्या खिशात होता. संध्याकाळी इस्पितळात कुणीतरी मला कपडे बदलायला लावले, तेव्हा तो खणकन फरशीवर पडला.

चौकशीला पाच जण बसले होते. पहिलाच प्रश्न, "कुलूप कुणी काढलं?"

"मी नाही काढलं, साहेब," मी म्हणालो. "स्विच बंदच होता. ते आपोआप सुरू झालं."

"मग तुमचं कुलूप पट्ट्याला कसं?"

"त्याला बाहेर काढताना गडबडीत काढलं असेल. आठवत नाही."

"आणि पंधरा नंबर?"

"माहीत नाही."

एवढंच. मी काही तयारी करून गेलो नव्हतो. तोंडातून गेलं आणि मग ते परत घेता येईना. गंमत बघा, सगळे ते मानायला टपूनच बसले होते. घरी बसवलेली माणसं म्हणाली, आम्ही सांगतच होतो. कंपनीला आपल्या शिकवणीत खोट निघण्यापेक्षा ते परवडत होतं. खापर फोडायला डोकं लागतं म्हणतात, पण त्या हाताला डोकं नव्हतं तरी सगळ्यांनी मिळून फोडलं.

एकटीच एक मुलगी ऐकेना. जावयाचा प्रोग्रॅम लिहिणारी, तिशीही न गाठलेली. जाळीशेजारी छोटं टेबल टाकून ती महिनोन्‌महिने त्या हाताला वळायला, थांबायला, उचलायला शिकवत बसलेली असायची. दाजी तिला म्हणायचा, "त्याला जरा सावकाश वागायला शिकव गं." ती मला जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, यंत्राच्या नोंदी बघितल्या मी. अकरा बेचाळीसला स्विच चालू झालाय. मग हिरवं बटण. बटण आपोआप दाबलं जात नाही."

मी तिच्या अंगावर ओरडलो. "माझा माणूस गेलाय आणि तू मला नोंदी दाखवतेस?"

तिचे डोळे भरून आले. ती बाजूला झाली. पुढे अहवाल आला की प्रोग्रॅममधल्या त्रुटीमुळे चुकीचा संकेत गेला. यंत्राला काही कामावरून काढता येत नाही, म्हणून तिला काढलं. मी ते सूचनाफलकावर वाचलं आणि चहा प्यायला गेलो. चहा घशाखाली उतरला, हेही सांगून टाकतो.

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तायडीचं घर तेवढं माझं. धाकट्या बहिणीला मी लहानपणापासून तायडी म्हणतो. दाजी गेल्यावर मी रोज कामावरून तिथेच जायला लागलो. भाचीचा अभ्यास घ्यायचो, नळ दुरुस्त करायचो, दळण आणायचो. शेजारचे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. दाराशी सायकल उभी असायची आणि तिच्या मागच्या चाकात ते लाल कुलूप. उन्हापावसाने फोटो पुसला गेला होता, नंबर तेवढा राहिला होता. तिकडे न बघता आत जायला मी शिकलो.

तायडी मात्र त्या हाताला सोडत नव्हती. भाकरी थापताना, केस विंचरताना, मध्येच थांबून ती त्याला शिव्या घालायची. जिवंत माणसाला घालाव्यात तशा. एकदा मला विचारलं, "दादा, त्याला दिसत नाही का रे? माणूस आहे की ठोकळा आहे, एवढंही कळत नाही?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला फक्त जागा कळते. कुठून कुठे जायचं ते. मध्ये काय आहे ते नाही कळत."

"मग असलं आंधळं कशाला आणलं माणसांत?"

 ती शिव्या घालायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग यायचा, आणि मी मनातल्या मनात स्वतःला समजावायचो की तिचं दुःख निदान एका जागी तरी आहे. खरं सांगितलं तर ते घरभर होईल. कुलूप कुणी मागितलं होतं, हेही त्यात येईल. तिच्यासाठीच मी गप्प आहे, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की काही दिवस ते मला पटलंही.

अकरा महिने झाले असतील. रविवारची दुपार होती. भाची शेजारी मैत्रिणीकडे गेली होती. तायडी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी मिक्सरचं झाकण खोलून बसलो होतो. दार वाजलं. दारात ती प्रोग्रॅमवाली मुलगी.

मला बघून ती चपापली. मग तायडीकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. ते यंत्र... त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता."

तायडीच्या हातातली घडी तशीच राहिली. "तू बनवलंस ते?"

"बनवलं नाही. चालायला शिकवलं."

मला वाटलं, आता तायडी तिला हाकलून देणार. माझ्या मनात तर तसंच व्हावं असं होतं, देवाशपथ. पण तायडी म्हणाली, "आत ये. उभी का?" आणि पाणी आणून दिलं.

मुलीने पेला हातात धरला, पाणी प्यायली नाही. खाली बघत बोलायला लागली. "अकरा महिने मी तो प्रोग्रॅम तपासतेय, ताई. नोकरी गेली त्याचं काही नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. एकेक ओळ बघितली. नाही सापडत. पण नोंदीतलं बटणही त्याच चुकीने उमटलं असं सगळे म्हणतात, म्हणजे असणार. आणि एक चूक तर माझी आहेच. सुरू होण्याआधी तो भोंगा दहा सेकंद वाजायचा. लाइनचा वेळ जातो म्हणून साहेबांनी कमी करायला सांगितला. मी तीनवर आणला. मी नाही म्हणायला हवं होतं. दहा सेकंद मिळाले असते तर ते..."

"सावकाश चालतसुद्धा बाहेर आले असते," तायडी म्हणाली.

"हो. मला माफ करा असं म्हणत नाही मी. फक्त सांगायला आले. झोप लागत नाही."

मिक्सरचा स्क्रू माझ्या बोटांतून निसटून कपाटाखाली गेला. तायडी तिच्याजवळ सरकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "इतक्या जणांचं काही ना काही चुकलं असेल गं. पण येऊन सांगणारी तू एकटीच."

हे ऐकल्यावर मला तिथे बसवेना. मी उठलो. दाराजवळच्या खिळ्यावर दाजीचा किल्ल्यांचा जुडगा होता, त्यात सायकलच्या कुलपाची किल्ली होती. बाहेर जाऊन कुलूप काढलं. गंजलं होतं, दोनदा फिरवावं लागलं. आत आलो आणि ते कपड्यांच्या घडीवर ठेवलं.

"हिच्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही, तायडे," मी म्हणालो. "स्विच मी चालू केला. बटण मी दाबलं. वळून बघितलं नाही. हे कुलूप त्या दिवशी स्विचला असतं, तर माझ्याकडून तो वर झालाच नसता."

मग सगळं सांगितलं. जिन्यात तिच्यावर ओरडलो तेही. पान्याचं तेवढं जिभेवर येऊन राहिलं. उद्या कचेरीत जाऊन हेच लिहून सही करून देतो म्हणालो, पुढे काय व्हायचं ते होवो. मुलीने तोंडावर हात दाबून धरला होता आणि ती हुंदके देत होती. माझ्यावर रागावलीय की सुटलीय, हे मला कळेना. तिलाही कळत नसावं.

तायडी रडली नाही. तिने कुलूप उचललं, अंगठ्याने नंबर पुसला. पंधरा.

"हे मी मागितलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, एक आणा की."

"तुझा काय संबंध त्यात? आम्हाला एक बास, असं मी म्हणालो होतो."

"गप्प बस, दादा." ती मोठ्याने बोलली नाही. "वर्षभर त्या लोखंडाला शिव्या घातल्या मी. बरं चाललं होतं रे माझं. आता कुणाला घालू? तुला? तू माझा भाऊ. या पोरीला? का आरशासमोर उभी राहू?"

तिने हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तिने मला तेवढंही दिलं नाही.

"मामा, माझ्या सायकलचं कुलूप कुणी काढलं?"

भाची दारात उभी होती. बारा वर्षांची पोर, बापासारखी एकेक पायरी बघून चढणारी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. आईच्या हातातलं कुलूप तिने बघितलं, मग तिघांचे चेहरे बघितले.

"हे बाबांचं कामावरचं होतं ना?" तिने विचारलं. "ते माझ्या सायकलला होतं, म्हणून झालं का ते?"

मी तोंड उघडलं. तायडीने माझ्याकडे अशी नजर टाकली की ते तसंच मिटलं.

"नाही गं," तायडी म्हणाली. "काहीतरी काय बोलतेस? तुला सांगितलंय ना, यंत्रात बिघाड होता."

भाचीला ते पुरेना. तिने त्या मुलीकडे बघितलं. "या कोण?"

"या त्या यंत्राला शिकवणाऱ्या. त्यांना सगळं माहीत आहे त्याचं."

"खरंच बिघाड होता?"

मुलीने डोळे पुसले. अकरा महिने ज्या एका वाक्यासाठी ती जळत होती, ते पाचच मिनिटांपूर्वी तिच्या पदरात पडलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, तायडीकडे बघितलं आणि मग पोरीच्या उंचीला येऊन खाली बसली.

"हो," ती म्हणाली. "यंत्रातच बिघाड होता. तुझ्या कुलपाचा काही संबंध नाही."

भाचीने मान हलवली. आईच्या हातातून कुलूप घेतलं, माझ्यापुढे हात करून किल्ली मागितली आणि सायकल परत चोरीला जाईल, असं म्हणत बाहेर गेली. आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता बसून होतो. बाहेर कुलूप लागल्याचा खट आवाज आला, आणि मग ते नीट लागलंय ना, हे तिने दोनदा ओढून बघितलं.